जुना आहेवे

मी लिहिलेल्या पहिल्या कथेला पहिली प्रतिक्रिया आली ती एकाच शब्दाची : ‘पुभाप्र’.

मी तेव्हा दुकानात होतो. खोपोलीच्या शिळफाट्याला माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. समोर गिऱ्हाईक होल्डर मागत होतं आणि मी मोबाइलकडे बघत ‘पुभाप्र, पुभाप्र’ असं जपासारखं पुटपुटत होतो. त्या बिचाऱ्याने थोडा वेळ वाट बघितली आणि म्हणाला, ‘शेठ, त्या कंपनीचा नसला तर दुसरा द्या.’

संध्याकाळी बायकोला विचारलं. ती पतपेढीत नोकरी करते, आद्याक्षरांशी तिचा रोजचा संबंध.

‘सोप्पं आहे,’ कणीक तिंबता तिंबता ती म्हणाली. ‘पुरे, भाऊ, प्रताप.’

मला ते लगेच पटलं, यावरून कथा कशी होती ते समजा. दुसऱ्या दिवशी ‘पुलेशु’ असं आलं. ते खरं तर बायकोला दाखवायचं काही कारण नव्हतं, पण माणसाला कुठे थांबावं ते कळत नाही. ‘हे तर आणखी स्पष्ट आहे,’ ती म्हणाली. ‘पुरे, लेका शुंभा.’

शेवटी मुलीने डोक्याला हात लावून उलगडा केला. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. पुढील लेखनास शुभेच्छा. म्हणजे लोक माझं कौतुक करत होते आणि मी दोन दिवस अपमान झाल्यासारखा तोंड पाडून फिरत होतो.

त्या गटात मला घातलं होतं मुलीनेच. आमच्या नातेवाइकांत मी गोष्टी सांगणारा म्हणून प्रसिद्ध आहे, निदान मी असं समजतो. लग्नात पंगत उठली की मी कुणाला तरी कोपऱ्यात गाठतो आणि चुलत आजोबांनी घाटात इंजिन कसं अडवलं ते सांगायला लागतो. पूर्वी माणसं ऐकायची. पुढे पुढे कर्जतच्या एका लग्नात मी नुसता घसा खाकरला तर आख्खी रांग हात धुवायला उठली. मुलीने ते बघितलं आणि घरी आल्यावर हौशी कथालेखकांच्या या ऑनलाइन गटात माझं नाव नोंदवून टाकलं. ‘बाबा, इथे सगळे तुमच्यासारखेच आहेत,’ ती म्हणाली. ‘एकमेकांना सांगत बसा.’

आणि खरंच, सगळे माझ्यासारखेच निघाले. कुणी कुणाला कधी भेटलेलं नाही. जळगावचा एक दातांचा डॉक्टर आहे, तो फक्त भुताच्या गोष्टी लिहितो. नागपूरकडची एक ताई आहे, ती गट चालवते आणि दर वर्षी सगळ्यांच्या कथा गोळा करून ऑनलाइन दिवाळी अंक काढते. मला एकदा ताप आला आणि माझ्या कथेचा पुढचा भाग रखडला, तर डॉक्टरने तो परस्पर लिहून टाकला. त्यात भूत होतं हे सांगायला नकोच. बरा झाल्यावर मी त्या भुताला पोटभर जेवायला घातलं आणि वाटेला लावलं. कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट ‘भूत परत आणा’ अशा मागण्या आल्या.

गटाचा एक रिवाज आहे. कथा वाचली की प्रतिक्रिया दोन ओळींत द्यायची : एक ‘आवडलं’, एक ‘अडलं’. नुसतं ‘छान’ लिहून पळायचं नाही. या रिवाजाचा जनक म्हणजे आमचे अण्णा. अण्णा साताऱ्याकडचे, आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. त्यांनी स्वतः एक ओळ कधी लिहिली नाही, पण गटातली प्रत्येक कथा शेवटपर्यंत वाचतात. ज्या कथेला एकही वाचक मिळत नाही तिलाही अण्णा मिळतात. त्यांची प्रतिक्रिया साधारण अशी असते :

‘आवडलं : कथा वेळेत संपली. अडलं : पुढीलप्रमाणे.’

त्या ‘पुढीलप्रमाणे’खाली ऱ्हस्व-दीर्घांची वरात निघते. ‘पुभाप्र’ त्यांनी कुणालाच कधी लिहिलं नाही. एकदा डॉक्टरने लाडीगोडी लावून मागितलं, तर अण्णांचं उत्तर आलं, ‘प्रतीक्षा एसटी स्टँडवर करावी.’ आम्ही सगळे त्यांना टरकून असतो, आणि कथा टाकली की सगळे त्यांचीच वाट बघतो.

तर या गटात मी माझ्या काकीची गोष्ट लिहायला घेतली.

काकी म्हणजे माझी सख्खी चुलती. चौकला जुन्या हायवेवर तिचा आणि काकांचा लहानसा ढाबा आहे. आत दोन टेबलं, बाहेर एक बाकडं. नवा एक्स्प्रेस वे झाला तेव्हा गाड्या तिकडे वळल्या आणि जुन्या रस्त्यावर दुपारीसुद्धा कुत्री आडवी झोपायला लागली. काका म्हणाले, आता बंद करू, कोण येणार इथे? काकीने बंद केलं नाही. रोज सकाळी बाकडं बाहेर काढायची, चूल पेटवायची आणि रस्त्याकडे बघत बसायची. हळूहळू गाड्या आल्या. टोल चुकवणारे आले, गॅरेजवाले आले, वाट चुकलेलेही आले. एवढीच गोष्ट. पण मला ती चुलत आजोबांच्या इंजिनापेक्षा मोठी वाटते. एक तर ती खरी आहे.

लिहिण्याआधी मी काकीला विचारायला गेलो. ती भाकरी थापत होती.

‘माजी गोष्ट? माजं काय लिवनार तू?’

‘तू रस्ता ओस पडला तरी ढाबा चालवलास, ते.’

‘त्यात काय लिवायचं? चालवला नसता तर खाल्लं काय आसतं, तुजी गोष्ट?’ तिने भाकरी उलटली. ‘लिव. पन रं, छापायच्या आदी मला वाचून दाखव. मला पटलं तर छाप. नाय पटलं तर नाय. आन् मला जाडी लिवू नको.’

मी कबूल केलं. जाडी लिहिली नाही.

पहिले भाग गटात पडले आणि मला न सोसणारं कौतुक झालं. डॉक्टरने लिहिलं, ‘भूत नसूनही वाचलं.’ ताईने सांगितलं, शेवट चांगला झाला तर ही कथा दिवाळी अंकात पहिली लावीन. मी ते ऐकलं आणि अंक निघायच्या आधीच सगळीकडे सांगून टाकलं. बायकोच्या पतपेढीत सांगितलं, शिंप्याला सांगितलं, खालापूरला मीटरची पेटी बसवायला गेलो तिथल्या घरमालकाला शिडीवरून सांगितलं.

मग अण्णांची प्रतिक्रिया आली.

‘आवडलं : बाकडं. अडलं : सदर बाई प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘हाय’ का म्हणते? तिला कुणी साहेब भेटायला आला आहे, की तिला कुणाची हाय लागली आहे?’

मी लिहिलं, ‘अण्णा, आमच्याकडे असंच बोलतात. आहेला हाय, नाहीला नाय.’

‘बोलतात ते कानासाठी,’ अण्णांनी लिहिलं. ‘आपण लिहितो ते डोळ्यांसाठी. बोली कानाला गोड लागते, डोळ्याला खडा लागतो. वाचक पानोपानी ठेचकाळतो. विचार करावा.’

मी विचार केला. लांबलचक उत्तर लिहिलं, त्यात माझ्या मातीचा वगैरे उल्लेख होता, आणि ते पुसून टाकलं. कारण अंकाची शेवटची मुद्रितं अण्णाच तपासतात. ताईनेही मला बाजूला घेऊन, म्हणजे वैयक्तिक संदेश पाठवून, समजावलं : ‘दादा, थोडी सरळ करा ना भाषा. अण्णांना नाराज करून अंक कसा काढू?’ आणि मी तर शिडीवरूनसुद्धा सांगून बसलो होतो.

मुलीने मागे मला तिच्या लॅपटॉपवर एक युक्ती दाखवली होती. एक शब्द द्यायचा, त्याच्या जागी हवा तो दुसरा द्यायचा आणि एक बटण दाबायचं. सगळ्या कथेत बदल.

‘बाबा, एकेक बघून बदला,’ ती आतल्या खोलीतून ओरडली.

‘मला कळतं,’ मी म्हणालो. मी वायरिंगचा माणूस. एक मेन स्विच असताना खोल्याखोल्यांतून दिवे विझवत फिरणारा माणूस मला कधी समजला नाही. ‘हाय’च्या जागी ‘आहे’ दिलं आणि दाबलं. ‘नाय’च्या जागी ‘नाही’ दिलं आणि दाबलं. वरवर नजर टाकली तर ‘हायस’चं आपोआप ‘आहेस’ झालेलं. मला तर वाटलं, आपण उगाच विजेच्या धंद्यात पडलो, आपली जागा संगणकातच होती. पुन्हा न वाचता कथा ताईला पाठवली आणि शांत झोपलो.

आमच्याकडे अंक निघायच्या आधी त्याची कच्ची प्रत गटात टाकतात, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांचं वाचता येतं. मी दुकान उघडून उदबत्ती लावत होतो, तेवढ्यात मोबाइल किणकिणायला लागला. डॉक्टर.

‘आवडलं : सगळं. अडलं : दादा, हा आहेवे कुठे आला?’

मी कथा उघडली. पहिलंच वाक्य होतं : ‘जुन्या आहेवेवर, चौकच्या अलीकडे, एक ढाबा आहे.’

पुढचं वाचताना माझ्या हातातली उदबत्ती कधी खाली आली आणि गल्ल्याच्या कापडाला भोक पडलं, कळलं नाही. काकांची खाट नाहीलॉनच्या पट्टीने विणलेली होती. पुतण्या आहेस्कुलात जात होता. रस्त्याच्या मोजणीला जीपमधून नाहीब तहसीलदार उतरले होते. काकी ज्या विनायकाला नवस बोलते त्याचा विनाहीक झाला होता, त्याची मी मनातल्या मनात क्षमा मागितली. आणि एका ठिकाणी मी जरा साहित्यिक होऊन लिहिलं होतं की या गोष्टीला कुणी एक नायक नाही. तिथे छापलं होतं, ‘या गोष्टीला कुणी एक नाहीक नाही.’

गटाची तर दिवाळीच झाली. ‘मी आज आहेवेने निघालोय, संध्याकाळी पोचतो.’ ‘नाहीलॉनची साडी कुठे मिळेल?’ नेहमी गंभीर असणाऱ्या ताईनेसुद्धा लिहिलं, ‘आता मोर्च्यात ‘मुर्दाबाद, आहे आहे’ अशा घोषणा ऐकायच्या का?’ त्या थट्टेत विष नव्हतं हे मला कळत होतं. आपल्या माणसाचा पाय चिखलात गेला की घरचे हसतात तसं ते हसणं होतं, आणि हसता हसता दोघा-तिघांनी चुका शोधून ताईला पाठवूनही दिल्या होत्या.

फक्त अण्णा काही बोलले नाहीत. ना आवडलं, ना अडलं.

‘एवढी हाय खाऊ नका,’ जेवताना बायको म्हणाली.

‘आता आहे खाल्ली असं म्हणायचं,’ मी म्हणालो आणि ताटावरून उठलो.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मुलीला मागे बसवून मी चौकला गेलो. हायवे, हायस्कूल, नायलॉन सगळं जागच्या जागी आणलं होतं. काकीचं बोलणं मात्र सरळ केलेलंच ठेवलं होतं. कबूल केल्याप्रमाणे वाचून दाखवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर तिने एकदा ‘छाप’ म्हटलं की माझ्या जिवाला स्वस्थता मिळणार होती.

काकी सूप घेऊन सुकट निवडत होती. काका बाहेर बाकड्यावर, एक पाय वर घेऊन. मी वाचायला लागलो. काकी मन लावून ऐकत होती. रस्ता ओस पडला तिथे तिचे हात थांबले. कुत्री झोपली तिथे हसली. मग मी त्या जागेवर आलो जिच्यासाठी सगळी गोष्ट लिहिली होती. काका विचारतात, आता कोण येणार? आणि काकी म्हणते, ‘काळजी करू नका. मी आहे ना.’

‘कोन म्हनलं?’ काकीने विचारलं.

‘तू.’

‘मी? कवा?’

‘तेव्हाच. ते बंद करू म्हणाले तेव्हा.’

काकीने सूप खाली ठेवलं. ‘ही बाई बरी हाय रं. माज्यासारकी चूल पेटवती, माज्यासारकी रस्त्याकं बगती. पन बोलती मॅडमवानी. ही कोन?’

‘काकी, तूच आहेस ती.’

‘मी नाय,’ ती शांतपणे म्हणाली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ‘ह्यांच्याशी मी असं बोलले आसते ना, तर ह्ये घाबरून उठून गेले आसते. म्हनले आसते, घरात पावनी कोन आली हाय?’

बाहेरून काकांचा आवाज आला. ते झोपलेत असं मी धरून चाललो होतो. ‘काळजीबिळजी काय म्हनली नाय ती.’

‘मग काय म्हणाली?’ मुलीने विचारलं.

‘म्हनली, घोर लावून घिऊ नका, मी हाय ना. आन् तवा आपटला.’

‘तवा आपटला नाय,’ काकी आतून म्हणाली. ‘ठिवला.’

‘आपटला.’

‘आवो, दांडा ढिला होता त्याचा!’

त्या तव्यावरून दोघांचं जे सुरू झालं ते ऐकताना मुलगी म्हणाली, ‘आजी, मी हे रेकॉर्ड करू?’ काकीने विचारलं, ‘कुठं लावनार?’ ‘बाबांच्या गटात. फक्त आवाज येईल.’ काकी हो म्हणाली आणि फक्त आवाज येणार म्हणून सांगितलं तरी पदर सारखा केला, केसांवरून पाण्याचा हात फिरवला. मग तिने ती सगळी गोष्ट तिच्या तोंडाने सांगितली. मी जेवढी लिहिली होती त्याच्या निम्म्या वेळात, आणि मध्ये एका ट्रकवाल्याला चहा देऊन.

‘आता हे छाप,’ ती शेवटी म्हणाली. ‘ती मॅडम नको.’

परत येताना खोपोलीत शिरल्यावर मुलीने मागून विचारलं, ‘काय करणार?’ मी म्हटलं, ‘शिंप्याला काय सांगायचं ते बघतो.’

घरी येऊन मी गटात काकीचा आवाज टाकला आणि खाली लिहिलं : ‘ज्यांची गोष्ट आहे त्यांना सरळ केलेली भाषा मान्य नाही. छापायची तर ‘हाय’ आणि ‘नाय’सकट छापावी. ते अंकाला अडचणीचं असेल तर माझी कथा काढावी, माझा राग नाही.’ ‘माझा राग नाही’ हे मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा ठेवलं. राग नव्हता, पण दुःख भरपूर होतं, आणि त्याला आमच्या गटात आद्याक्षरं नाहीत.

डॉक्टरने लगेच लिहिलं, ‘काकींचा आवाज दवाखान्यात लावला. पेशंट तोंड मिटेना, मला सोयीचं झालं.’ बाकीच्यांनीही लिहिलं. अण्णा गप्पच. मी आशा सोडली, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात एका बाईंना मिक्सरचा जार दाखवत असताना त्यांची प्रतिक्रिया आली.

‘आवडलं : काकी.

अडलं : पुढीलप्रमाणे. ध्वनिफीत पुनःपुन्हा ऐकून मूळ संहितेशी ताडून पाहिली. लेखकाने मूळ संहितेतही काकींच्या तोंडी ‘आम्ही’ लिहिले आहे. त्या ‘आमी’ म्हणतात. ‘काळजी’ नव्हे, ‘घोर’. ‘ठेवला’ नव्हे, ‘ठिवला’. ‘कोण’ नव्हे, ‘कोन’, सर्वत्र. ‘हाय’ आहे तसा ठेवावा, मात्र मूळ संहितेत तीन ठिकाणी लेखकाच्या हातून ‘आहे’ निसटला आहे, तो दुरुस्त करावा. बोली लिहायची तर नीट लिहावी. चूक ती चूक.’

मी ते दोनदा वाचलं. बाईंना म्हटलं, ‘ताई, जार राहू द्या, तुम्हाला चहा सांगू का?’ त्या संशयाने बघत निघून गेल्या.

अंक निघाला. पहिली कथा माझी नव्हती, डॉक्टरच्या भुताने बाजी मारली. माझी दुसरी. ‘हाय’, ‘नाय’, ‘घोर’, ‘ठिवला’, सगळं अण्णांच्या नजरेखालून गेलेलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आम्ही पुन्हा चौकला गेलो. मुलीने ती कथा काकीला वाचून दाखवली आणि अण्णांच्या दुरुस्त्याही सांगितल्या, तेव्हा काका म्हणाले, ‘आपटला पायजे होतं.’ पण काकीने मान डोलावली आणि विचारलं, ‘त्ये माजं बोलनं तपासनारं मानूस कोन रं? मला एकदा बोलू दे त्यांच्याशी.’

मुलीने मोबाइल तिच्यासमोर धरला. काकीने पुन्हा पदर सारखा केला.

‘अण्णा, नमस्कार. तुमी माजं बोलनं नीट ठिवलंत, बरं केलंत. आमचा ह्यो पोर शाळा शिकला तवापास्नं बिगाडलाय. कदी मुंबैला निगालात तर हितं उतरा. नव्या रस्त्यानं नाय हां, तिकडनं गाडी थांबत नाय. जुन्या हायवेनं या. बाकडं बाहेर आसतंय.’

अण्णांचं उत्तर यायला वेळ लागला. काकीने तेवढ्यात सुकटाची चटणी वाटून घेतली, भाकऱ्या केल्या, आम्हाला वाढलं. जेवताना मोबाइल वाजला. मुलीने वाचलं आणि तिला ठसका लागला. तिने मोबाइल माझ्यापुढे सरकवला.

‘येतो,’ अण्णांनी लिहिलं होतं. ‘आहेवेनेच.’